मिरजेच्या सतारमेकर चाचांना, लेकीच्या पिस्तुलाच्या ग्रिपबद्दल

चाचा, नमस्कार. हे तुम्हाला तुमचा नातू वाचून दाखवेल. लांबलंय, पण मला थोडक्यात लिहायचंच नाहीये. काल नेमबाजीच्या रेंजवर लेकीनं 60 शॉट्सची अख्खी मॅच मनगट एकदाही न चोळता पूर्ण केली, मी मागं बसून नुसती तिच्या हाताकडं बघत होते, स्कोअर किती झाला तेही मला घरी आल्यावर कळलं.

2024 ला पॅरिसला आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलमध्ये ब्राँझ घेऊन आला, तेव्हापासून हिच्या डोक्यात नेमबाजी बसली. रायफल नको म्हणाली, 10 मीटर एअर पिस्तूल पाहिजे. नवीन घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं म्हणून जुनं घेतलं, त्याला मोठ्या माणसाच्या उजव्या हाताचा ग्रिप, म्हणजे लाकडी मूठ, होता आणि आमची पोरगी डावखुरी. मग नवा ग्रिप मागवला, डाव्या हाताचा, स्मॉल, असं दोनदा लिहून दिलं होतं. आला मीडियम. दुकानदार म्हणतो, डावखुऱ्यांना हाच येतो, आणि मॅडम, हात काय वाढेलच की! अहो, कंपन्या डाव्या हातासाठीही लहान-मोठ्या साइज काढतात, हे आम्हाला माहीत नव्हतं असं त्याला वाटलं असणार. परत घ्यायला तयार नाही, बदलून द्यायला तयार नाही. दुसऱ्या एकानं सल्ला दिला की जुनं विकून टाका आणि नवीन पिस्तूलच घ्या, जणू लाख-दीड लाख आमच्या कपाटात पडूनच आहेत. तिसरा म्हणाला घरीच पॉलिश पेपर मारा. या सगळ्यांचा मला राग आहे तो पैशासाठी नाही. तिघंही माझ्याशीच बोलले, पिस्तूल जिच्या हातात असणार ती शेजारी उभी होती, तिच्याकडं एकानंही मान वळवून बघितलं नाही.

पिस्तूल साधारण एक किलोचं, धरायचं एकाच हातात, हात लांब करून, मनगटाला कसलाही आधार चालत नाही, आणि हे 75 मिनिटं. टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, जेमतेम एक मिलिमीटर हलली तर 10 मीटरवर शॉट जवळजवळ तीन सेंटीमीटर लांब जातो. ग्रिप जाड असला की लहान हाताचं बोट ट्रिगरवर सरळ पोचत नाही, मग ते ट्रिगर मागं ओढायच्या ऐवजी बाजूला ढकलतं. हवेच्या सिलिंडरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलणं, ट्रिगरची पट्टी मागं सरकवणं हे तिच्या नेमबाजीच्या सरांनी करून दिलं. पण लाकडाला हात लावायला कुणी तयार होईना, तेव्हा सरच म्हणाले, मिरजेत जा, सतारमेकर गल्लीत.

मी तुमच्यापुढं ती पेटी उघडली, पिस्तूल रिकामं आहे, नळीत रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग आहे, हे सगळं दाखवून सांगायला लागले आणि तुम्ही मला हातानं थांबवलंत. हातातला तंबोऱ्याचा दांडा बाजूला ठेवलात, हिच्याकडं वळलात आणि विचारलंत, "बेटा, कुठं दुखतं?"

चाचा, एवढंच विचारलंत तुम्ही. पण इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, आणि खरं सांगते, ती रडायलाच आली होती. मग ती धडाधडा बोलायला लागली, इथं बेचकीत टोचतं, इथं खालची फळी तळव्यात रुतते, करंगळीला धरायलाच काही नाही. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तिचा तळवा उजेडात धरलात, त्यावर काजळ लावलंत, ग्रिप धरायला लावलात, सोडायला लावलात. लाकडावर जिथं काळं उमटलं तेवढंच कानशीनं घासलंत. परत काजळ, परत धर, परत सोड. घाई म्हणून नाहीच. करंगळीजवळ जो खड्डा होता तो त्याच अक्रोडाच्या भुशात गोंद घालून भरलात.

शेवटी तुम्ही पॉलिशची बाटली काढलीत, तर ही पटकन म्हणाली, चाचा, चकचकीत नको, घामानं सटकतं. मी तिला गप्प करणार होते. जन्मभर ज्यांनी वाद्यांना आरशासारखी चमक आणली त्यांना ही सांगणार? तुम्ही हसलात, बाटली ठेवून दिलीत आणि बारीक टोच्यानं ठोकून ठोकून तळव्याखालचा भाग खरखरीत करून दिलात.

तेव्हाच तुम्ही सांगितलंत की मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारी, पाजळणारी माणसं, नंतर वाद्यांकडं वळली. लेकीनं ते शाळेत सगळ्यांना सांगून झालंय. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं याचा आम्हा सांगलीकरांनाही अभिमान आहेच, पण खरं मोल अशा वागण्याचं आहे. समोरचं माणूस लहान आहे, गिऱ्हाईक छोटं आहे, काम आपल्या धंद्यातलं नाही, तरी त्याचं पूर्ण ऐकून घेणारी माणसं अजून आहेत, आणि ती आपल्या इतक्या जवळ आहेत, म्हणून हे सगळ्यांना कळावं असं लिहिलंय. मजुरीही तुम्ही योग्य तीच घेतलीत, फुकट केलं असतंत तर मला पुन्हा यायला संकोच वाटला असता.

मॅचच्या तपासणीत पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं, ते आरामात बसलं. उरलेला भुसा तुम्ही कागदाच्या पुडीत बांधून दिला होतात, पुढं लागेल म्हणून, तो डब्यात ठेवलाय. बोटं आताच लांब व्हायला लागलीत तिची. दिवाळीनंतर परत येऊ, फोन करूनच येऊ, आणि शुक्रवारी दुपारी नको म्हणाला होतात ते लक्षात आहे.