कृष्णविवराचे गणित आणि धातूतील सरळ रेषा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णविवरांविषयी मराठीत आवडीने वाचले जाते आणि जयंत नारळीकरांचे जन्मगाव असलेल्या कोल्हापुरात तर ते वाचले जाणारच. परंतु हेच गणित आता धातूंच्या अभ्यासातही वापरले जाते, हे वाचकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही.

आमच्या प्रयोगशाळेत पदव्युत्तर विद्यार्थी यट्रियम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडची काळी टिकली द्रवरूप नायट्रोजनने थंड करतात, बाहेरच्या दोन तारांतून विद्युतप्रवाह सोडतात आणि आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजतात. सुमारे ९२ केल्व्हिनला रोध नाहीसा होतो तेव्हा सगळे हरखून जातात. मला मात्र त्याआधीचा आलेख अधिक मोलाचा वाटतो. चांगल्या नमुन्यात तापमान उतरते तसा रोध जवळजवळ सरळ रेषेत घटत जातो, आणि बेडनॉर्झ व म्युलर यांनी १९८६ मध्ये या वर्गातील पहिला अतिवाहक (थंड केल्यावर रोध पूर्ण नाहीसा होणारा पदार्थ) शोधला तरी या रेषेचे सर्वमान्य स्पष्टीकरण आजही मिळालेले नाही. नवरात्रात महाद्वार रोडवरच्या गर्दीत एकट्याची म्हणून चाल उरत नाही, तसे इथे एकेका इलेक्ट्रॉनचा हिशेब मांडताच येत नाही.

हुआन माल्दासेना यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या होलोग्राफिक द्वैतामुळे अशा घट्ट गुंतलेल्या कणांचा प्रश्न एक मिती अधिक असलेल्या वक्र अवकाशातील गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न म्हणून सोडवता येतो. त्या वक्र अवकाशातील कृष्णविवराचे तापमान तेच येथील द्रव्याचे तापमान. सर्वांत साध्या प्रतिरूपांत द्रवाचा चिकटपणा आणि एन्ट्रॉपीची (अव्यवस्थेच्या मापाची) घनता यांचे गुणोत्तर नैसर्गिक एककांत १/४π येते, आणि अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींतून निर्माण झालेल्या क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मात (अणुकेंद्रातील मूलकणांच्या अतितप्त द्रवात) ते याच्या बरेच जवळ आढळले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शिराझ मिनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून द्रवगतिकीची समीकरणे पद्धतशीरपणे काढून दाखवली, याचा महाराष्ट्रात आणखी उल्लेख व्हायला हवा.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे छापल्या जाव्यात. कोणत्याही खऱ्या धातूचे नेमके गुरुत्वीय प्रतिरूप अजून हाती नाही, आणि फिलिप अँडरसन यांच्यासारख्या घनपदार्थांच्या भौतिकशास्त्रातील दिग्गजाने या मार्गावर जाहीर आक्षेप घेतला होता. तरीही, कणांची कल्पना बाजूला ठेवून रोधाचा विचार करण्याची रीत या गणिताने दिली, आणि ती मला फार मोठी वाटते.

पातळ पटलांवरील कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागाने प्रयोगाच्या जोडीने या सिद्धांतावर व्याख्याने ठेवावीत, आणि आपल्या विज्ञान पुरवणीने ती मराठीतून सविस्तर छापावीत, ही विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक अध्यापक, कोल्हापूर