तुमच्या तांबड्या पेन्सिलीचे आभार

ताई,

स. न. वि. वि.

आयर्लंड सोडून गेलेल्या आजी-आजोबांच्या नात्याने तिथलं नागरिकत्व मागणाऱ्यांच्या फायली आम्ही जुळवतो, आणि त्या धाडण्यापूर्वी तुम्ही तपासून देता, एक पैसा न घेता. नाव छापायचं नाही ही तुमची अट पाळून हे जाहीर आभार.

सगळ्यात आधी आभार तुमच्या ‘नाही’चे. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले हवेत. बेलफास्ट, डेरी अशी उत्तरेकडची गावंही चालतात. मग नातवंडाला फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या आयरिश नोंदवहीत, नोंद करता येते. पणजोबांच्या जोरावर मात्र थेट अर्ज होत नाही. वडिलांनी साठीत स्वतःची नोंद करून घेतली, म्हणून तिशीतला मुलगा पात्र ठरत नाही. कारण नागरिकत्व नोंदीच्या दिवसापासून लागू होतं, जन्मापासून नव्हे. प्रौढाच्या अर्जाला २७८ युरो लागतात, अठराच्या आतल्याला १५३. ते भरण्याआधी कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं असतं. गोड बोलून फाईल पुढे ढकलणारे पुष्कळ असतात.

दुसरे आभार साखळी नजरेत भरवल्याबद्दल. तीन पिढ्या, आणि दर पिढीला जन्म, लग्न, ओळख किंवा मृत्यू यांचा कागद. अर्जदाराच्या आणि त्याच्या आई किंवा वडिलांच्या जन्मदाखल्यावर आईबापांची नावं हवीतच. ब्रिटनचा आखूड दाखला इथेच आपटतो, त्यावर आईबाप नसतातच. पूर्ण नक्कल मागवावी लागते. आजीकडून दावा असेल तर तिच्या लग्नाचा दाखला विसरून चालत नाही, नाहीतर माहेरच्या नावाची मुलगी आणि सासरच्या नावाची आई एकच, हे दाखवणार कशाने?

आणि नावांचा घोळ! जन्मनोंदीत ब्रिजेट, जहाजाच्या यादीत डिलिया, मृत्यूच्या दाखल्यावर ब्रायडी, बाई मात्र एकच. ओसलिव्हन परदेशी गेल्यावर नुसता सलिव्हन होतो. जन्मतारखेचंही तसंच. मुदत टळल्यावर जन्म नोंदवला तर दंड बसे, म्हणून घरचे तारीख पुढची सांगत, आणि बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसतो! चुलत भावंडांची सारखी नावं असतात तिथे तुम्ही बोट ठेवता ते आईच्या माहेरच्या आडनावावर. आयरिश जन्मनोंदीत ते असतं, जुन्या लग्ननोंदीत नसतं; तिथे फक्त दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदा.

‘१९२२च्या आगीत सगळं जळलं’ हे वाक्य तर आम्ही तुमच्यामुळे बोलायचं सोडलं. डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतल्या आगीत जनगणनेचे जुने कागद आणि चर्चची कित्येक दप्तरं गेली, पण १८६४पासूनच्या मुलकी जन्मनोंदी तिथे नव्हत्या. त्या शाबूत आहेत. शंभर वर्षांपेक्षा जुन्या नोंदींची पानं आयरिश सरकारच्या वंशावळ संकेतस्थळावर फुकट दिसतात. फक्त ते पान छापून जोडायचं नाही, त्यावरून नोंद ओळखायची आणि शिक्क्याचा दाखला मागवायचा. नोंद सापडत नाही म्हणून निराश होणारे बहुधा गाव शोधत बसलेले असतात. दप्तर लावलंय ते जुन्या पुअर लॉ युनियनच्या (गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागांच्या) हद्दीनुसार, आणि त्या हद्दी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सीमा ओलांडतात. खरंच काही नाही मिळालं, तर बाप्तिस्म्याच्या दाखल्याला नोंदणी कार्यालयाचं ‘शोधलं, सापडलं नाही’ असं पत्र जोडावं लागतं.

अर्जावरच्या साक्षीदाराबद्दल तुम्ही इतक्यांदा बजावलंय की आता तोंडपाठ आहे. ठरलेल्या व्यवसायांपैकी हवा, अर्जदाराला स्वतः ओळखणारा हवा, नात्यातला नको. सही त्याच्यासमोर करायची, घरून करून न्यायची नाही. चार फोटोंपैकी दोन फोटोंच्या मागे त्याची सही. ओळखपत्राची नक्कलही त्यानेच प्रमाणित केलेली, पत्त्याचे दोन पुरावे मात्र मूळ. तुमची तांबडी पेन्सिल झेरॉक्सवरच चालते, मूळ दाखल्याला तुम्ही टाचणीसुद्धा लावू देत नाही, हेही शिकलो.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्याला तुम्ही पहिल्याच भेटीत बसवून सांगता, की आयर्लंडला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९प्रमाणे, स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. काही जण तिथूनच परत फिरतात, आणि तुम्हाला त्याचं वाईट वाटलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

आणखी एक. घरात बाळ येणार असेल तर ती फाईल तुम्ही ढिगाच्या वर काढता. आईची किंवा वडिलांची नोंद आधी झाली, बाळ नंतर जन्मलं, तर त्यालाही हक्क मिळतो. उलट झालं तर नाही. अशा दोन फायली या आठवड्यात टेबलावर आहेत. सवड काढाल?

आपले,
फाईल जुळवणारे आम्ही सगळे