साखरपुड्याआधीच्या रंगकामाविषयी मित्रास पत्र

दादर, मुंबई

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

लेकीचा साखरपुडा ठरल्याचे ऐकून फार आनंद झाला. मात्र समारंभ घरीच करायचा म्हणून सगळे घर पाच दिवसांत रंगवून देण्याचा शब्द कंत्राटदाराने तुला दिला आहे, हे ऐकल्यापासून मला चैन नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

तुमच्या दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत जूनपासून पावसाचा मारा खाते. मुंबईतून पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो, पण भिंतीत मुरलेले पाणी निघायला त्यानंतरही बरेच दिवस लागतात, आणि हाताला कोरडी लागणारी भिंत आतून ओली असू शकते. तिच्यावर घाईने रंग चढवला, तर ओलावा रंगाच्या थराखाली कोंडतो, फुगे धरतात, पोपडे सुटतात आणि विटा-सिमेंटमधले क्षार वर येऊन पांढरा खार फुलतो. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून त्या भिंतीवर एक दिवस ठेव; आतल्या बाजूला थेंब जमले, तर ती भिंत अजून रंगाला तयार नाही असे समज. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून किंवा बाहेरच्या भेगेतून पाणी येत असेल, तर ते आधी बंद व्हायला हवे. आतून कितीही भारी रंग लावला तरी तो त्यावरचा इलाज नव्हे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नुकतेच प्लॅस्टर केले आहे म्हणालास. त्याला किमान 28 दिवस द्यावेत, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो.

आता त्या पाच दिवसांचा विचार कर. जुना रंग खरवडणे, पुट्टीचे (भिंत सपाट करणाऱ्या लेपाचे) दोन हात म्हणजे थर, घासणे, प्रायमर म्हणजे रंगाआधीचे अस्तर आणि मग रंगाचे दोन हात, एवढे काम त्यांत बसवायचे झाले की काटछाट होते ती वाळण्याच्या वेळेत. पुट्टीच्या दोन पातळ हातांऐवजी एकच जाड थर ओढला जातो आणि पुढे त्याला तडे जातात. प्रायमर गाळला की भिंत रंग असमान शोषते आणि डाग दिसू लागतात. प्लॅस्टिक पेंट तासाभरात हाताला सुकलेला लागतो, तरी दुसऱ्या हातापूर्वी चार ते सहा तास जावे लागतात, आणि दमट हवेत त्याहूनही जास्त. चांगला रंगारी पुट्टी घासून झाल्यावर पेटता बल्ब भिंतीला लागून आडवा फिरवतो, खोलगट जागांवर पेन्सिलीने खुणा करतो आणि तेवढ्याच जागा पुन्हा भरतो. या कामाला घाई चालत नाही, आणि माझ्या मते भिंतीची खरी सफाई त्यातच आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुझ्या रांगत्या नातीची. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला. तुमच्या खिडक्या-दरवाजांवरचे ऑइल पेंटचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत आणि त्यांत शिसे असू शकते. घाईत ते कोरडेच घासले, तर धूळ घरभर बसते, जमिनीवरून मुलांच्या हाताला लागते आणि हातावाटे पोटात जाते. त्यामुळे घासायचेच असेल तर पाणी मारून घासायला सांग, फडकेही ओलेच वापरायला लाव, आणि तोवर नातीला दुसरीकडे ठेव. वास पुरता जाईपर्यंत तिला परत आणू नकोस.

रंगारीही कोणाची तरी मुलेच आहेत. तारीख गाठायची म्हणून रात्री उशिरापर्यंत शिडीवर उभे राहणे किंवा पट्टा न बांधता छज्ज्यावर उतरणे, असले काही तुझ्या घरी होऊ देऊ नकोस.

माझे ऐकशील तर समारंभापुरत्या दिवाणखान्याच्या आतल्या कोरड्या भिंती तेवढ्या नीट करून घे. पश्चिमेची भिंत, स्वयंपाकघर आणि खिडक्या जानेवारीवर टाक. तेव्हा हवा कोरडी असते आणि रंगारीही सवडीने मिळतात. कंत्राटदाराकडून प्रत्येक हाताच्या मध्ये किती वेळ सोडणार हे लिहून घे आणि त्याप्रमाणेच टप्प्याटप्प्याने पैसे दे. रविवारी सकाळी मी येतो, आपण दोघे मिळून त्याच्याशी बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद