लिअर एकदम वेडा होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकांकिका स्पर्धांचा हंगाम आला की रंगमंचावर वेडाचे प्रवेश वाढतात. मोकळे सोडलेले केस, गरगर फिरणारे डोळे, मध्येच फुटणारे हसू, लाल प्रकाश आणि शेवटी किंकाळी, असा एक साचा ठरून गेला आहे. शेक्सपिअरचे प्रवेश करतानाही तोच वापरतात, याचे फार वाईट वाटते. वेड कसे चढते, कशाने वाढते आणि कशाने उतरते हे इतक्या बारकाईने लिहिणारा दुसरा नाटककार सापडणे कठीण. सगळे संहितेत आहे. ते वाचून बसवले तर किंकाळीची गरजच पडत नाही.

'किंग लिअर'मध्ये राजाला वादळात वेड लागते, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात सुरुवात पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आहे, तीही अगदी हळू आवाजात. विदूषक कोडी घालतो आहे, नाक चेहऱ्याच्या मध्यभागी का असते वगैरे. लिअर उत्तरे देतो आहे, आणि कशाचा कशाशी संबंध नसताना मध्येच म्हणतो की मी तिच्यावर अन्याय केला. ती म्हणजे त्याने नाकारलेली धाकटी मुलगी, कॉर्डेलिया. एवढेच. लगेच पुन्हा कोडी सुरू. प्रवेश संपता संपता तो देवाला विनवतो की मला वेडा होऊ देऊ नकोस. हे पहिले लक्षण. इथेच नटाने आवाज चढवला तर पुढच्या तीन अंकांत चढायला जागा उरत नाही.

दुसऱ्या अंकात शरीर बोलू लागते. काहीतरी छातीकडे वर चढते आहे असे लिअर म्हणतो आणि त्याला खाली दाबू पाहतो. त्याच प्रवेशात, ज्यांना त्याने राज्य वाटून दिले त्या दोघी थोरल्या मुली त्याच्या पदरचे स्वार कमी करत जातात: शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, मग दहा तरी कशाला, पाच तरी कशाला, एक तरी कशाला. आपल्याकडे हे आकडे भराभर म्हणून टाकतात. खरे तर दर आकड्याला थांबायला हवे, कारण लिअर तेवढ्या वेळात एका मुलीकडून दुसरीकडे वळतो आहे आणि दर वळणाला त्याच्या पायाखालची जमीन कमी होते आहे.

तिसऱ्या अंकात वादळ येते. डोके फिरू लागल्याचे तो स्वतःच सांगतो आणि त्याच दमात विदूषकाला विचारतो, पोरा, थंडी वाजते का रे? मलाही वाजते आहे. बुद्धी ढळायला लागते त्या क्षणी राजाला दुसऱ्याची थंडी कळते! वीजगर्जनेच्या ध्वनिमुद्रणाखाली ही ओळ बुडते. तिच्यापुरता आवाज खाली आणावा, हे ध्वनिसंयोजकाला तालमीतच सांगून ठेवावे.

मग झोपडीतून एडगर, जीव वाचवायला पळालेला एका सरदाराचा मुलगा, बाहेर येतो, वेड्या भिकाऱ्याचे सोंग घेऊन. त्या प्रवेशात तीन जण असंबद्ध बोलतात: एक खरोखर ढळलेला, एक सोंग करणारा, एक पोटासाठी मूर्खपणा करणारा. तिघांनी एकाच पट्टीत आरडाओरडा केला की प्रेक्षकाला काहीच उमगत नाही. फरक संहितेत स्पष्ट आहे. लिअरचे वेड एकाच विचाराभोवती फिरते. भिकाऱ्याची ही दशा मुलींनीच केली असणार, याबद्दल त्याची खात्री आहे. त्याला मुली नाहीत, असे लिअरचा इमानी सरदार केंट सांगतो तर लिअर त्यालाच देशद्रोही ठरवतो. एडगरच्या बोलण्याला असा गाभा नाही, तो भुतांची नावे घोकतो. ही नावे शेक्सपिअरने सॅम्युएल हार्सनेट यांच्या १६०३ सालच्या पुस्तकातून उचलली, आणि ते पुस्तक होते भूत उतरवण्याचे ढोंग करणाऱ्या पाद्र्यांचे पितळ उघडे पाडणारे. म्हणजे सोंगाची सामग्रीसुद्धा सोंगाच्या पंचनाम्यातून घेतलेली. मराठी प्रयोगात एडगरला अंगात आल्यासारखे घुमवतात, तेही चालेल. पण हा माणूस ढोंग करतो आहे, हे प्रेक्षकाला दिसत राहिले पाहिजे.

इथे संहितेच्या निवडीचा प्रश्न येतो. १६०८ च्या क्वार्टो (एकट्या नाटकाच्या, लहान आकाराच्या) आवृत्तीत लिअर आपल्या मुलींवर काल्पनिक खटला चालवतो आणि एका स्टुलाला थोरली मुलगी गॉनेरिल समजतो. १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित, मोठ्या आकाराच्या आवृत्तीत) हा खटला नाही. बहुतेक छापील प्रती दोन्ही पाठ एकत्र करतात; ऑक्सफर्डने १९८६ च्या समग्र आवृत्तीत ते वेगळे छापले. वेळेसाठी कात्री लावताना हा खटला सर्वांत आधी जातो. तो गेला तर किमान त्यानंतरची ओळ ठेवा, ज्यात घरची तीन छोटी कुत्रीही आपल्यावर भुंकत असल्याचे लिअर सांगतो. भ्रम दाखवायला तेवढी पुरते. ती हळू म्हणायची आहे.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती चौथ्या अंकातल्या उपचारांची. वैद्य प्रथम सांगतो की निसर्गाची दाई म्हणजे झोप, आणि झोप आणणाऱ्या वनस्पती आहेत. लिअरला झोपेतच स्वच्छ कपडे घालतात. संगीत वाजते. ओळखीचा चेहरा, कॉर्डेलिया, समोर असतो. जागा झाल्यावर तो आपले वय ऐंशीच्या वर सांगतो आणि आपले मन ठिकाणावर नसावे अशी शंका स्वतःच बोलून दाखवतो. मग वैद्याची ताकीद: मधल्या काळात काय घडले ते त्याला जुळवायला लावू नका, त्यात धोका आहे, आत न्या, जरा स्थिर होईपर्यंत त्रास देऊ नका. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली ही वाक्ये आजही रुग्णाच्या घरच्यांच्या उपयोगाची आहेत. फोलिओत वैद्याचे पात्र आणि संगीत दोन्ही गळाले, आणि आपल्या प्रयोगांत नटांची संख्या कमी करायची म्हटली की पहिला बळी वैद्यच जातो. तसे करू नये. कोणी बरे होतानाचा असा प्रवेश नाट्यवाङ्मयात फार थोडा आहे.

'मॅकबेथ'मधला लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेशही असाच वैद्यकीय टिपणासारखा लिहिलेला. वैद्याने दोन रात्री पहारा केला आहे. तिच्याजवळ सतत दिवा हवा, हा तिचाच हुकूम. डोळे उघडे, पण दिसत काही नाही. हात धुण्याची क्रिया पाव तास चालते, असे दासी सांगते, आणि साक्षीदार नसल्याने तिचे आधीचे बोलणे सांगायला नकार देते. वैद्य ऐकलेले लिहून घेतो. जाताना बजावतो की इजा करता येईल अशा वस्तू तिच्यापासून दूर करा आणि तिच्यावर नजर ठेवा. 'हॅम्लेट'मधल्या वेड्या झालेल्या ऑफिलियाबद्दलही तिथला राजा हेच म्हणतो, तिच्या पाठोपाठ जा, नीट लक्ष ठेवा. दोघीही त्यानंतर मरतात. दिग्दर्शकाने या दोन आज्ञा प्रेक्षकाला ठळक ऐकवल्या पाहिजेत, कारण पाळत का कमी पडली हा प्रश्न शेक्सपिअरने उघडा ठेवला आहे.

ऑफिलियाच्या मोकळ्या केसांची सूचना फक्त १६०३ च्या पहिल्या क्वार्टोत आहे, हातात ल्यूट वाद्य घेऊन गात येण्याच्या सूचनेसोबत. इतर आवृत्त्यांत केसांचा उल्लेख नाही. तिथे महत्त्वाची आहेत ती गाणी: एक मेलेल्या बापाचे, एक फसवलेल्या मुलीचे, आणि दोन्ही दुःखे एकमेकांत मिसळत जातात. गाणी कापून केस ठेवणे म्हणजे उलटे काम.

आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून (म्हणजे 'हॅम्लेट') विंदा करंदीकरांच्या 'राजा लिअर'पर्यंत मराठीत ही नाटके वाचायला मिळतात. आपल्या नाट्यसमीक्षकांनी अशा प्रयोगांबद्दल लिहिताना प्रवेश कोणत्या पाठावरून घेतला, वैद्य ठेवला की काढला, याची नोंद करावी. संस्थांनीही ही माहिती कार्यक्रमपत्रिकेवर छापावी; त्याला एक ओळ पुरते.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सांगली