समासातली पेन्सिलीची ओळ

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

एम.ए.च्या पहिल्या वर्षी तुम्ही आम्हाला शार्लट ब्राँटेंची ‘जेन एअर’ ही इंग्रजी कादंबरी शिकवलीत, त्याला आता बारा वर्षं झाली. आभार मानायचे राहूनच गेले होते. आज सगळ्यांसमोर मानते आहे, कारण वर्गातल्या आम्हा सगळ्यांचंच हे देणं आहे.

तोवर कादंबरी म्हणजे गाईडमधली स्वभावचित्रं, एवढंच मला माहीत होतं. आधीच्या कॉलेजात एकदा मनचं उत्तर लिहिलं, तर ‘नोट्सप्रमाणे लिहा’ असा शेरा मिळाला होता. तो फार लागला होता.

तुम्ही मात्र सव्विसाव्या प्रकरणातला उतारा मराठीत करून आणायला सांगितलात. नायिका जेनचं तिचा मालक रॉचेस्टरशी ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडतं, तो सगळ्यांना आपल्या थॉर्नफिल्ड या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर नेतो, आणि खोलीच्या टोकाला अंधारात कुणीतरी येरझारा घालताना दिसतं. माणूस की जनावर, कळत नाही. ती बर्था, वेडी म्हणून कोंडून ठेवलेली रॉचेस्टरची बायको, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी लिहीत गेले: ती हातापायांवर रांगत होती, ती गुरगुरत होती. कागद परत आला तेव्हा त्या प्रत्येक ‘ती’खाली पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि समासात एक ओळ: ‘मुळात इथे “it”, म्हणजे “ते” आहे. तुला “ती” का लिहावंसं वाटलं?’

फुली मारली असतीत, तर मी निमूटपणे ‘ते’ केलं असतं आणि विषय संपला असता. तुम्ही कारण विचारलंत. माझ्या वाचण्याला काही कारण असू शकतं, हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मी अडतीसच्या अडतीस प्रकरणं पुन्हा वाचली. बर्थाचं हसणं ऐकू येतं, ओरडणं ऐकू येतं, पण तिचे शब्द कळतात ते भाऊ मेसन सांगतो तेवढेच: काळजातलं रक्त शोषून घेईन म्हणाली. आणि पंचविसावं प्रकरण! लग्नाच्या दोन रात्री आधी ती जेनच्या खोलीत येते, जाळीची ओढणी डोक्यावर घेते, आरशात पाहते. हे रॉचेस्टरला सांगताना जेन तिला ‘ती’ म्हणते. रॉचेस्टर विचारतो, ‘ते काय करत होतं?’ आणि उत्तर देताना जेनच्याही तोंडी ‘ते’ येतं. ओढणी फाडतं, तुडवतं, ते ‘ते’! हे सापडलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आरशासमोरच्या त्या क्षणावर मी बर्थाचं स्वगत लिहिलं. तुम्ही ते वर्गात वाचायला लावलंत, मराठीतच. माझा आवाज कापत होता.

त्याच तासाला मागच्या बाकावरच्या एकाने बर्थाची राखण करणाऱ्या ग्रेस पूलची हिशेबवही लिहून आणली होती. वाड्यात शिकवणाऱ्या जेनला वर्षाला ३० पौंड मिळतात. मोलकरीण लीआ म्हणते, माझा पगार ग्रेसच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही. त्याने विचारलं होतं, हा पगार राखणीचा की गप्प बसण्याचा? पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा तो प्रश्न मला मोलाचा वाटतो.

सगळ्यांचं लिहून झाल्यावरच तुम्ही लेखिकेचं एक पत्र काढलंत. कादंबरी ऑक्टोबर १८४७ मध्ये आली, आणि जानेवारी १८४८ मध्ये शार्लट ब्राँटेंनी प्रकाशनसंस्थेतल्या विल्यम्सना लिहिलं की, बर्थाला पाहून मनात केवळ करुणा दाटायला हवी होती. भयाला मी फार वाव दिला, ही माझी चूक झाली. पत्र आधी दाखवलं असतंत, तर आम्ही सगळ्यांनी तेच उतरवून काढलं असतं. तुम्ही थांबलात, याचे आभार सर्वांत जास्त.

मी आता अकरावी-बारावीला शिकवते. परवा तोच उतारा मुलांना दिला. एका मुलीने हट्टाने ‘ते’च ठेवलं आणि खाली लिहिलं, ‘जेनला पहिल्या नजरेत ती माणूस वाटली नाही. मी ते का झाकू?’ तिला विचारून त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. समासात मी अजून काही लिहिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतंत, ते कळवाल?

तुमची विद्यार्थिनी