‘तक्रारच नाही’ म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दुबईवरचा पानभर लेख काल वाचला. रात्री झोप नीट लागली नाही म्हणून आज लिहायला बसलो. लेखिकाबाई पाच रात्री-सहा दिवस जाऊन आल्या. मेट्रोच्या फरशीवर म्हणे पोहे सांडले तरी उचलून खावेत. खरे आहे. रात्री दोन वाजता बाई एकटी फिरू शकते, हेही खरे, मी पाहिले आहे. बुर्ज, मॉल, वाळवंटातली गाडी, उंटावरचा फोटो, सगळे यथासांग. पण शेवटाकडे त्यांनी एक वाक्य लिहिले आहे, तिथे माझा चहा निवला: ‘इतक्या लोकांशी बोलले, पण तिथे कुणाची काही तक्रारच नाही!’

बाई, तक्रार करणारा अबुधाबीत अल-सद्रच्या तुरुंगात टाकला. तुमच्या टूरमध्ये ते ठिकाण नसावे.

अमिरातीतला मानवी हक्कांचा कार्यकर्ता अहमद मन्सूर, हे नाव मी आपल्याला नव्याने सांगायला नको. जुलै २०२४ मध्ये आपणच बातमी दिली होती, सोन्याच्या भावाच्या चौकटीखाली, चार ओळी. ४३ जणांना जन्मठेप, एवढेच मथळ्यात. मन्सूरला १५ वर्षे झाली ते चौथ्या ओळीत, नाव न देता ‘अन्य काहींना’. आणि ‘दहशतवादी संघटना’ हे शब्द अवतरण चिन्हांशिवाय, जणू आपल्या वार्ताहराने जाऊन खात्री केली होती. त्या संघटनेचे नाव होते ‘न्याय आणि प्रतिष्ठा समिती’. २०१३ मध्ये जवळजवळ त्याच आरोपांवर ज्यांना शिक्षा झाली, त्यांतल्या बऱ्याच जणांपुढे दहा वर्षांनी तीच भाजी पुन्हा गरम करून वाढली. खटला सुरू झाला कधी? डिसेंबर २०२३, दुबईत जगाचे पुढारी हवामान परिषदेला जमले होते तेव्हा. त्या परिषदेच्या बातम्या आपण रोज देत होता, मंडपाच्या फोटोसकट.

आता मी एवढा का चिडलो ते सांगतो. मी १९९६ ते २०१४ त्याच देशात, अजमानमध्ये होतो. इलेक्ट्रिकल फोरमन. मन्सूर इलेक्ट्रिकल इंजिनियर, राहायला अजमानमध्येच. मी त्याला पाहिलेला नाही, निदान ओळखून पाहिलेला नाही. माशांच्या बाजारात सुरमईच्या भावावरून शेजारी उभे राहिलो असू तर माहीत नाही. आमच्या बेडस्पेसच्या, म्हणजे खाटेपुरते भाडे भरायच्या, खोलीत सहा जण, दोन चिपळूणचे, एक गुहागरचा, बाकी मल्याळी. पगार, व्हिसा आणि गावचा पाऊस सोडून चौथा विषय निघत नसे. कुणी काढलाच तर दुसरा म्हणे, ‘खल्ली वल्ली’. सोड रे, मरू दे. गल्फला गेलेल्या घरांत हा शब्द नातवंडांनाही येतो. अठरा वर्षांचे माझे अरबी साधारण तिथेच संपते.

मन्सूरचा पासपोर्ट २०११ पासून सरकारकडे. निवडणूक हवी अशा अर्जावर सही केली, नेटवर लिहिले, म्हणून पाच जणांना धरले. शिक्षा सुनावली, दुसऱ्या दिवशी माफी दिली. पासपोर्ट मात्र दिला नाही. २०१५ मध्ये मानवी हक्कांसाठीचा मार्टिन एनल्स पुरस्कार मिळाला, तो घ्यायला जिनिव्हाला जाता आले नाही. हे मी वाचले आणि मला माझा पासपोर्ट आठवला.

२००३ चा श्रावण. गुरुवारी दुपारी गावाहून फोन आला, आई गेली. कंपनीचे ऑफिस गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवारी बंद. पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. सगळ्यांचेच होते, रबर लावून, गठ्ठ्याने. कायद्याने मालकाला ठेवता येत नाहीत, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. किल्ली मंदूबकडे, म्हणजे कंपनीची सरकारी कामे बघणाऱ्या माणसाकडे, आणि मंदूब फुजैराला सासुरवाडीला. मी शुक्रवारी सकाळी त्या बंद शटरसमोर जाऊन उभा राहिलो. कशाला ते आजही सांगता येणार नाही. काचेतून आतले कपाट दिसत होते, करड्या रंगाचे, वर प्लास्टिकची फुले. शनिवारी मंदूब आला तर म्हणतो, जामीन आण. मी परत आलो नाही तर कोण? आमच्या खोलीतल्या कुंजुमोनने कोऱ्या कागदावर सही दिली. मी वाडीत पोचलो सोमवारी. अस्थी वेचून झाल्या होत्या.

तेव्हा तिथे कुणी लेखिका भेटल्या असत्या आणि मला विचारले असते, तर मीही हसून सांगितले असते, तक्रार नाही.

बरे, मी कृतघ्न नाही. त्या देशाने मला पोसले. घर बांधले, मुलीचे लग्न केले, ते दिरहमवर. आमच्या तालुक्यात अशी किती घरे आहेत ते एसटीच्या खिडकीतून मोजावे. म्हणून तर आम्ही गप्प. पण जो अमिरातीचाच, ज्याला घरदार होते, चार मुलगे होते, जो बोलला नसता तर आज सुखात असता, तो बोलला. कुणासाठी? तुरुंगात मार खाणाऱ्यांसाठी, नागरिकत्वच नसलेल्या बिदून लोकांसाठी. त्याला तुम्ही ‘अन्य काहींना’त घातलेत.

आणखी एक. ऑगस्ट २०१६ मध्ये मन्सूरच्या आयफोनवर लागोपाठ दोन दिवस मेसेज आले. तुरुंगातल्या छळाची नवी माहिती, या लिंकवर. तुम्ही-आम्ही अंगठा दाबून मोकळे झालो असतो. याने ते मेसेज टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवले. त्यांनी उलगडून पाहिले तर आत इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर. लिंक उघडली असती तर माइक, कॅमेरा, सगळा फोन परक्याच्या हातात. ॲपलने पंधरवड्यात ९.३.५ चे अपडेट काढले, जगभरच्या फोनसाठी. म्हणजे आपल्या संपादकीय विभागात तेव्हा कुणाकडे आयफोन असेल, तर त्याच्या दाराची कडी अजमानच्या या माणसामुळे लागली. २०२१ मध्ये पेगॅससवरून आपल्या संसदेत गदारोळ झाला तेव्हा आपण अग्रलेख लिहिलात. चांगला होता, मी कापून ठेवला आहे. त्यात हे नाव नाही.

गंमत म्हणजे त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत अमिरातीने आनंद खात्याला मंत्री नेमला होता. लेखिकाबाईंनी त्याचेही कौतुक केले आहे.

२०१७ च्या मार्चमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास पोलीस घरात शिरले, मन्सूरला नेले, जाताना मुलांचे फोन-टॅबसुद्धा नेले. मे २०१८ मध्ये दहा वर्षे आणि दहा लाख दिरहम दंड. गुन्हा काय, तर समाजमाध्यमांवर लिहून देशाच्या इभ्रतीला धक्का लावला. एकांत कोठडी, गादी नाही, वाचायला पुस्तक नाही, आणि माणूस कवी! २०१९ मध्ये त्याने अन्न सोडले. ते वर्ष सरकारने ‘सहिष्णुता वर्ष’ म्हणून जाहीर केले होते, पाट्या होत्या सगळीकडे, पुतण्याने फोटो पाठवला होता. ती दहा वर्षे २०२७ च्या मार्चमध्ये संपायची. संपत येतात असे दिसल्यावर वर सांगितलेली १५ वर्षे. मार्च २०२५ मध्ये अपीलही फेटाळले. त्याची बातमी आपल्याकडे दिसली नाही. माझी नजर चुकली असेल तर क्षमस्व, पण मी अंक पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचतो.

२०१४ मध्ये मी कायमचा निघालो तेव्हा शेवटच्या हिशेबाचा कागद पुढे आला. अठरा वर्षांपैकी अकराच वर्षांची ग्रॅच्युइटी. का, तर मधे कंपनीचे नाव बदलले होते, आधीची सात वर्षे ‘जुन्या’ कंपनीची. तोच मालक, तेच शटर, तेच करडे कपाट. कागदाच्या तळाशी छापील ओळ होती: मला सर्व देणी मिळाली असून माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला, सही कर, विमान रात्रीचे आहे ना? मी सही केली. वर ‘थँक यू सर’ म्हणालो. म्हणून ते वाक्य पुरवणीत ठळक टाइपात दिसले तेव्हा मला वाटले, ही तर माझीच सही छापली आहे.

लेख वाचल्यावर पुतण्याला फोन लावला. तो शारजात आहे, एसीच्या कामावर. म्हटले, तुमच्याकडे त्या मन्सूरचे काही ऐकू येते का रे? तो क्षणभर बोललाच नाही. मग म्हणाला, ‘काका, पाऊस कसा आहे तिकडे? भात आडवं झालं का?’ मी पुन्हा विचारले. ‘काका, आवाज तुटतोय,’ म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

लेखिकाबाईंवर माझा राग नाही. पर्यटकाला दाखवतात तेच दिसते. राग आपल्यावर आहे. पानभर लेखाच्या समोरच्या पानावर दुबईतल्या फ्लॅटची पानभर जाहिरात आहे, हा योगायोग आहे असे मी धरून चालतो. पण त्या १५ वर्षांच्या बातमीला आणखी चार ओळी द्यायला जागा नव्हती, आणि फ्लॅटच्या गच्चीवरच्या तलावाला आहे.

जागेवरून आठवले. आमच्या पाण्याच्या टाकीबद्दल मी फेब्रुवारीत दोन पाने लिहून पाठवली होती. आपण त्याच्या तीन ओळी केल्यात आणि ‘पाणी वेळेवर यावे, अशी वाचकाची अपेक्षा’ असे म्हणून संपवलेत. माझी अपेक्षा ती नव्हती. टाकीला तडा आहे, हे माझे म्हणणे होते. तो तडाच आपण कापलात. या पत्राचे तसे करू नये. अगदीच कापायचे झाले तर माझे २००३ कापा, मन्सूरच्या तारखा कापू नका.

आपला,
(नाव, पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे)

ता. क. - माझे नाव छापू नये. गावाचेही नको, नुसते ‘जि. रत्नागिरी’ पुरे. पुतण्याचा व्हिसा डिसेंबरात रिन्यूला आहे. आणि पत्र नेटवरच्या आवृत्तीत टाकणार असाल तर त्याचा एसीच्या कामाचा उल्लेखही गाळावा.