गवताचं भाडं

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत शेत पडीक ठेवायचे पैसे देतात आणि शेतकरी नुसता बसून खातो, असं आपल्याकडे पारावर सर्रास बोललं जातं, मीही बोलायचो. मी उत्तर सोलापूरचा, सध्या सहा महिने लेकीकडे आयोवात मुक्कामाला आहे आणि तसलं एक "पडीक" शेत रोज फिरायला जाताना बघतोय म्हणून लिहितो.

आपल्याकडे पडीक म्हणजे वेडी बाभळ आणि हराळी. इथं तसं नाही. मागच्या रस्त्यावर एक आजोबा राहतात, त्यांची ओढ्याकाठची उताराची जमीन सीआरपी (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्राम) योजनेत आहे, ही १९८५ च्या फार्म बिलातली म्हणजे तिथल्या शेती कायद्यातली स्कीम, करार १० ते १५ वर्षांचा, जमीन धुपणारी किंवा पाण्याकाठची असली की तिथं मका-सोयाबीन बंद करून गवत लावायचं आणि सरकार दरवर्षी एकरी भाडं देतं. लावणीच्या खर्चातही वाटा उचलतं. पण तण मालकानेच आवरायचं. जुलैच्या उन्हात हे आजोबा लांब दांड्याचं कुदळीसारखं काहीतरी घेऊन थिसल नावाचं काटेरी तण एकेक उपटत होते. मी म्हटलं मशीन फिरवा की सरळ, तर म्हणाले १५ मे ते १ ऑगस्ट कापणी बंद, पाखरं अंड्यांवर असतात. सप्टेंबरात तेच गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं, एक ठोंब उपटून बघितला, दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. आणि पावसानंतर पलीकडच्या मक्यातून वाहून येणारं पाणी अगदी चहाच्या रंगाचं, या बाजूचं मात्र बऱ्यापैकी नितळ.

आता खटकलं ते पण सांगतो. भाडं जमीनमालकाला. आयोवात निम्म्याहून जास्त शेतजमीन दुसराच कुणीतरी भाड्याने कसतो, मालक शहरात नाहीतर फ्लोरिडात, मग कसायला जमीन शोधणाऱ्या पोराला सरकारपेक्षा जास्त भाडं द्यावं लागतं. शिवाय सगळ्यांनीच गवत लावलं तर गावातलं खत-बियाण्याचं दुकान चालणार कसं? म्हणून एका काउंटीतली (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) साधारण २५ टक्क्यांपेक्षा जास्त पिकाऊ जमीन यात घेत नाहीत, आणि एका माणसाला वर्षाला भाड्याचे ५० हजार डॉलरच्या वर मिळत नाहीत. तरी खरी गोम वेगळीच आहे. २००७ साली देशभरात ३ कोटी ६८ लाख एकर यात होते, मग मक्याचा भाव चढला, करार संपत गेले आणि लोकांनी नांगर घातला. वीस वर्षं मुरलेलं गवत एका हंगामात उलथं. भाडं आहे तोवर गवत आहे, एवढंच!

हे सगळं बघताना आमच्या सोलापूरजवळचं नान्नज आठवतं. १९७९ साली तिथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात लोकांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनी आल्या, कितीतरी वर्षं खरेदी-विक्री अडकून पडली, पुढे ते १,२२२ वर आणलं. पण माळ राखला म्हणून कुणाला एकरी एक रुपया मिळाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. बंदी आली, भाडं काही आलं नाही. मग माळ नांगरून लोकांनी ऊस नाहीतर द्राक्षं लावली, तर त्यांना नावं कोणत्या तोंडाने ठेवायची.

माझं म्हणणं एवढंच, की अख्खी अमेरिकन स्कीम उचलून आणू नका, ओढ्याकाठची दहा-पंधरा फुटांची पट्टी आणि उरलेसुरले माळ एवढ्यापुरतं गवताला भाडं देऊन बघा, दोन-चार गावात का होईना. आणि पैसे वाटताना पीएम किसानसारखं नुसतं सातबाऱ्यावरचं नाव बघू नका, आमच्याकडे वाट्याने करणाराच बांधावर उभा असतो, मालक पुण्यात असतो (माझा धाकटा भाऊ धरून, तो हे वाचणार आहे).

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर